शेवटच्या आजारात आणि त्यानंतर भेटायला जाताना : तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

बरं होण्याची आशा उरलेली नाही अशा माणसाला भेटायला लोक चांगल्या मनाने जातात आणि तरीही घरच्यांना दमवून येतात. रुग्णाला उपदेश ऐकावा लागतो, सुनेला पुन्हा चहाचं आधण ठेवावं लागतं, जिन्यात कोणीतरी "डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत?" असं विचारतं आणि ते आतल्या खोलीत ऐकू जातं. मग तेरावा झाला की सगळे आपापल्या कामाला लागतात आणि खरी गरज सुरू होते तेव्हा दारावरची बेल वाजेनाशी होते.

हेतू चांगला असतो, क्रम चुकतो. आपण आधी बोलतो, जमलं तर ऐकतो आणि मदतीचं म्हणाल तर निघताना "काही लागलं तर सांगा" एवढ्यावर भागवतो. खालचे टप्पे हा क्रम उलटा करण्यासाठी आहेत. पुण्यात घरोघरी आणि वॉर्डांत अशा भेटी देताना जे पुन्हा पुन्हा दिसतं, त्यावरून ते लिहिले आहेत. औषधांचा निर्णय मात्र सगळीकडे डॉक्टरांचाच.

टप्पा १ : घरातून निघण्याआधी

आधी फोन करा, पण रुग्णाला नको आणि रात्रंदिवस उशाशी बसलेल्या माणसालाही नको. त्या दोघांना दिवसभर तेच तेच सांगावं लागलेलं असतं. एखादा पुतण्या, भाची, शेजारीण गाठा आणि चार गोष्टी विचारून घ्या.

पहिली गोष्ट, रुग्णाला आजाराबद्दल किती माहीत आहे. अनेक घरांत "त्यांना सांगितलेलं नाही" असं असतं. दुसरी, घरात आजाराला काय म्हणतात. कुणी सरळ कॅन्सर म्हणतं, कुणी "गाठ", कुणी नुसतं "ते दुखणं". जो शब्द घरात चालतो तोच तुम्ही वापरायचा. तिसरी, भेटायला नको असलेली वेळ कोणती. सकाळी अंग पुसणं, ड्रेसिंग, चादर बदलणं चालू असतं. दुपारी रुग्ण झोपला की बायकोला तासभर पाठ टेकायला मिळते, आणि नेमकी तीच वेळ पाहुणे गाठतात. चौथी, आत्ता घरात काय हवंय.

रुग्णालयात जाणार असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. बऱ्याच ठिकाणी एका रुग्णामागे एकच पास असतो. तुम्ही वर गेलात की तेवढा वेळ मुलगा खाली बाकावर बसून राहतो. शेवटच्या दिवसांत तो वेळ त्याचा आहे. म्हणून वर जाण्याचा हट्ट नको. खाली त्याच्याशेजारी बसा, त्याला जेवायला पाठवा, औषधांच्या दुकानाच्या रांगेत तुम्ही उभे राहा.

न्यायला काय? शहाळी, सफरचंदं, ताकदीच्या पावडरचा डबा हे सहसा नको. गिळता येत नसलेल्या माणसाच्या उशाशी फळांची परडी ठेवली की बायको दिवसभर तिकडे बघते आणि स्वतःला दोष देते. त्याऐवजी विचारून डायपर किंवा अंडरपॅड न्या, साइज विचारायला विसरू नका. सांभाळणाऱ्या माणसासाठी पोळी-भाजीचा डबा न्या आणि तो परत द्यायची गरज पडणार नाही अशा भांड्यात न्या.

*तपासून घ्या :* सर्दी, खोकला, ताप असेल तर जाऊ नका. अत्तर, उग्र वासाचं तेल लावू नका, मळमळणाऱ्या माणसाला ते सोसत नाही. लहान मूल नेणार असाल तर घरच्यांना आधी विचारा आणि मुलाला काय दिसेल ते आधी सांगा.

टप्पा २ : पहिली पाच मिनिटं

फोन बंद करा आणि हात धुवा. दारातच सांगा, "चहा ठेवू नकोस, मी पिऊन आलेय." आणि आग्रह झाला तरी घेऊ नका.

रुग्ण ग्लानीत असेल तर नाव सांगा : "काका, मी तिसऱ्या मजल्यावरची, जोश्यांची सून." ओळखलं का, अशी परीक्षा घेऊ नका. खुर्ची पलंगाजवळ ओढून, नजरेला नजर भिडेल अशा उंचीवर बसा. उभं राहून वरून बोललं की माणसाला आपण तपासणीला आलेल्या डॉक्टरसारखे वाटतो. पलंगावर बसायचं तर आधी विचारा, कारण गादी जराशी हलली तरी कुणाकुणाला कळ येते.

रुग्णाच्या अंगावरून पलीकडच्या माणसाशी बोलू नका. डोळे मिटलेले असले तरी ऐकू येत असतं असं धरूनच वागायचं, अगदी शेवटच्या तासापर्यंत. पंधरा-वीस मिनिटं पुरे. उठताना "दमलात, आता पडा" असं म्हटलं की त्यांच्यावर निरोपाचं ओझं येत नाही.

टप्पा ३ : बोलण्याआधी ऐकणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

"कसं वाटतंय?" हा प्रश्न वाईट नाही, पण त्याचं उत्तर "बरंय" एवढंच येतं. "आजचा दिवस कसा गेला?", "रात्री झोप लागली का?", "आत्ता सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?" असं विचारा. मग थांबा. उत्तर यायला अर्धं मिनिट लागतं आणि ते अर्धं मिनिट आपल्यालाच सोसत नाही. आपण लगेच हवापाणी, सिंहगड रस्त्यावरचं ट्रॅफिक, कुणाचं तरी लग्न असं काही काढतो. तिथेच माणूस गप्प होतो.

ही वाक्यं टाळा : "काही होत नाही, लवकर बरे व्हाल." "धीर सोडू नका." "आमच्या मामांना तर डॉक्टरांनी महिना दिला होता, आज दहा वर्षं झाली." "पूर्वजन्मीचं काहीतरी असेल." "एकदा अमुक ठिकाणच्या वैद्यांकडे जाऊन या." शेवटचं सगळ्यात महाग पडतं, कारण हताश घर खरंच गाडी करून तिकडे जातं आणि माणसाचे उरलेले बरे दिवस प्रवासात संपतात.

मग बोलायचं काय? जे ऐकलं तेच हळूच परत म्हणायचं. ते म्हणाले, "रात्री फार भीती वाटते." तुम्ही म्हणा, "रात्री जास्त वाटते?" एवढंच. पुढचं ते सांगतात. एका आजोबांच्या रात्रीच्या भीतीचं कारण मरण नव्हतंच. लघवीला उठवायचं तर बायकोला हाक मारावी लागते, ती अंधारात पडेल, ही भीती होती. पॅसेजमध्ये छोटा दिवा लावला, उशाशी घंटी ठेवली आणि त्या रात्री ते झोपले. "घाबरू नका" म्हणून विषय मिटवला असता तर हे कधीच कळलं नसतं.

*"मी आता जगत नाही ना?" असं विचारलं तर*

हा प्रश्न बहुधा घरच्यांना विचारला जात नाही. त्यांना रडू येईल म्हणून तो तुमच्यासारख्या थोड्या दूरच्या माणसाला विचारतात. "छे, असं काय बोलता!" म्हणू नका. आकडाही सांगू नका. उलट विचारा : "तुम्हाला तसं का वाटतंय?" बहुतेकांना स्वतःचं शरीर कळलेलं असतं. त्यांना त्यावर बोलायला कोणी हवं असतं. पुढचा प्रश्न : "कुणाशी काही बोलायचं राहिलंय का? कुणाला बोलावू का?" मग बँकेतल्या नॉमिनीपासून वीस वर्षं न बोललेल्या भावापर्यंत काहीही निघू शकतं. जे सांगतील ते त्यांच्या परवानगीनेच पुढे न्या.

*घरच्यांनी सत्य लपवलेलं असेल तर*

तुम्ही ते फोडायचं नाही, पण खोट्यात भरही घालायची नाही. "सहा महिन्यांत काशीला जाऊ" असं मुलगा म्हणाला तर तुम्ही त्यावर तारखा काढू नका. नंतर मुलाला बाहेर घेऊन विचारा, "बाबांनी तुला काही विचारलंय का? त्यांना कळलंय असं वाटतं का?" पुष्कळ घरांत दोन्हीकडून नाटक चालू असतं. बाप मुलाला जपतो, मुलगा बापाला, आणि दोघंही एकटे रडतात. अशा वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांसमोर सगळ्यांनी एकत्र बसावं, एवढं सुचवा. बातमी त्यांनीच सांगायची.

*देवाधर्माचं*

हरिपाठ, रामरक्षा, विष्णुसहस्रनाम यांनी कित्येकांना खरोखर शांत वाटतं. पण आधी विचारा. जन्मभर नास्तिक राहिलेल्या माणसाच्या कानाशी मोबाइलवर मंत्र लावून ठेवणं ही जबरदस्ती आहे. बौद्ध घरात त्रिशरण-पंचशील, मुस्लिम घरात कलमा आणि यासीन, ख्रिस्ती घरात फादरना बोलावणं, हे ज्याचं त्याच्या घरच्यांना विचारूनच. गाणं हवं असेल तर गाणं. भीमसेनांचा अभंग ऐकायचा की जुनी लावणी, ते रुग्ण ठरवेल.

*सावध :* रडू आलं तर येऊ द्या, पण रुग्णावर तुम्हाला सावरायची पाळी येता कामा नये. तसं वाटलं तर "पाणी पिऊन येते" म्हणून बाहेर जा.

टप्पा ४ : शरीराचा त्रास

दुखत असलेल्या माणसाला शब्दांनी धीर देता येत नाही. म्हणून आधी विचारा : दुखणं ताब्यात आहे का?

नसेल तर पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारे उपचार, देणाऱ्या डॉक्टरांचं नाव घरच्यांपर्यंत पोहोचवा. ही सेवा शेवटच्या दोन दिवसांची आहे असं समजून लोक फार उशिरा जातात. उपचार चालू असतानाही ती घेता येते. पुण्यात वारजे इथलं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना विनामूल्य सेवा देतं. आधी फोन करून, केसपेपर घेऊन घरच्यांपैकी एकाने जावं. रुग्णाला पहिल्याच फेरीत रिक्षात घालून नेऊ नका.

मॉर्फिनबद्दल दोन गोष्टी. मॉर्फिन सुरू झालं म्हणजे माणूस संपला, असं नाही. योग्य मात्रेत दिलेलं मॉर्फिन मरण ओढून आणत नाही, दुखणं कमी करतं. आणि ते "दुखेल तेव्हा" द्यायचं नसून डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला, घड्याळाप्रमाणे द्यायचं असतं. त्याने मलावरोध होतोच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबत दिलेलं असतं. तेही चुकवू नये. भेटायला आलेल्या कुणीतरी "सवय लागेल हो" म्हटलं म्हणून बायकोने गोळ्या अर्ध्या केल्या आणि माणूस रात्रभर कण्हत राहिला, हे फार घरांत घडतं. औषधावर मत देऊ नका.

घरच्यांना ही कामं दाखवून द्या, किंवा त्यांच्यासोबत करा :

१. कूस बदलणं. सुमारे दर दोन तासांनी, दोघांनी मिळून, चादरीला धरून. ओढू नये, त्वचा सोलवटते.

२. तोंडाची निगा. बोटाला स्वच्छ ओला गॉज गुंडाळून, चांगला पिळून, हिरड्या आणि जीभ हलक्या हाताने पुसायची. ओठांना व्हॅसलीन. नातवंडांनाही हे जमतं आणि त्यांना काहीतरी करायला मिळाल्याचं समाधान असतं.

३. खाणं. मागतील तेवढंच, चमचाभर, बसतं करून. खोकला आला की थांबायचं.

खाण्यावरून घरात सगळ्यात जास्त भांडणं होतात. "पोटात काही नाही म्हणून खंगत चाललेत" असं आई म्हणते आणि ओठ घट्ट मिटलेल्या माणसाच्या तोंडात पेज घालते. तिला शांतपणे सांगा : न जेवल्यामुळे हे झालेलं नाही, शरीर थांबत आल्यामुळे भूक गेली आहे. जबरदस्तीने भरवलेलं श्वासनलिकेत जातं आणि गुदमरायला होतं. तिचा हात रिकामा ठेवू नका. पेजेची वाटी काढून घेतलीत तर गॉज द्या, तेलाची वाटी द्या, पाय चोळायला सांगा.

*तपासून घ्या :* सांभाळणाऱ्या माणसाची स्वतःची बीपी-शुगरची गोळी आज झाली का?

टप्पा ५ : शेवटचे दिवस, शेवटचे तास

काय दिसेल हे आधी माहीत असलं तर घर घाबरत नाही. झोप वाढते. लघवी कमी आणि गडद होते. हातपाय गार पडतात, त्यावर निळसर-जांभळे चट्टे उमटतात. श्वास कधी भरभर चालतो, कधी बराच वेळ थांबून पुन्हा सुरू होतो. घशात घरघर लागते. ती ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पण ग्लानीतल्या माणसाला तिचा त्रास बहुधा होत नसतो. कुशीवर वळवलं की आवाज कमी होतो. काही जण चादर चाचपतात, उठून निघायला बघतात, "आई आली होती" म्हणतात. वाद घालू नका आणि "बोलावणं आलं" म्हणून घरच्यांना हादरवूही नका. हात धरा. फार तळमळ असेल तर डॉक्टरांना फोन करा, त्यावर औषध आहे.

*सावध :* गंगाजल घालताना चमचा ओतू नका. बोट बुडवून ओठ ओले करा. तुळशीचं पान ओठांवर टेकवा, घशाकडे सारू नका.

आता या टप्प्यातली सगळ्यात मोठी चूक. घरीच राहायचं असं ठरलेलं असतं. पहाटे श्वास अडखळतो, कोणीतरी घाबरून १०८ लावतं, आणि तासाभरात माणूस आयसीयूत नळ्यांमध्ये असतो. घरचे काचेबाहेर. म्हणून निर्णय आधी घ्या आणि कागदावर लिहा : घरी की रुग्णालयात, व्हेंटिलेटर हवा की नको, रात्री कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा. कागद फ्रिजवर लावा, रात्री थांबणाऱ्या प्रत्येकाला दाखवा. रुग्ण शुद्धीवर असताना त्याचं मत विचारलेलं असेल तर उत्तमच. उपचार कुठे थांबवावेत हे आधी लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२३ मध्ये पद्धत सोपी केली : दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन.

त्याच कागदावर आणखी एक ओळ हवी : *मृत्यूचा दाखला कोण देणार?* घरी मृत्यू झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूचं कारण लिहिलेला फॉर्म, चार-अ, द्यावा लागतो. फॅमिली डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा की रात्री-अपरात्री येतील का, न आल्यास कुणाला बोलवायचं. हे न विचारल्यामुळे पहाटे तीनला मुलगा दवाखान्यांची शटरं वाजवत फिरतो.

टप्पा ६ : मृत्यूनंतरचे पहिले तास

वेळ लिहून ठेवा आणि मग थांबा. लगेच कुणाला काही करायचं नसतं. बायकोला, मुलांना शेजारी बसू द्या, हवा तेवढा वेळ. "आता रडू नका, त्यांना त्रास होतो" हे कुणी म्हणू लागलं तर त्याला हळूच दुसऱ्या खोलीत काम द्या.

नेत्रदान करायचं असेल तर मात्र घाई हवी, कारण ते सहा तासांच्या आत व्हावं लागतं. नेत्रपेढीला फोन करा, पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूचं ऑपरेशन यांची अडचण नसते. आधी फॉर्म भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकांची संमती चालते. देहदान करायचं असेल तर ते महाविद्यालयाशी आधी बोलून ठेवलेलं बरं.

मग कामं वाटून घ्या. एकाने फक्त कागद बघायचे : डॉक्टरांचा फॉर्म, मृत व्यक्तीचं आणि अर्ज करणाऱ्याचं आधार कार्ड, अंत्यविधीसाठी महापालिकेचा पास. दुसऱ्याने फोन. तिसऱ्याने शववाहिनी, सामान आणि सोसायटीच्या गेटवर निरोप. लिफ्टमध्ये स्ट्रेचर बसतो का ते आधी पाहा, जुन्या इमारतींत बसत नाही. चौथ्याने घरातल्या लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना बघायचं. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्याकडे यातलं एकही काम नको. त्यांना फक्त निर्णय विचारा, तेही मोजके : कुणाची वाट बघायची आहे का, पुण्यातल्या वैकुंठ स्मशानभूमीत न्यायचं की घराजवळच्या, लाकडावर की विद्युतदाहिनीत, अग्नी कोण देणार. मुलगी देणार असेल, बायकोला स्मशानात यायचं असेल, तर तो त्यांचा निर्णय. गल्लीतल्या थोरांनी त्यावर मत द्यायचं नाही.

*तपासून घ्या :* छातीत पेसमेकर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, तो काढावा लागतो, दहनात त्याचा स्फोट होऊ शकतो. अंगावरचे दागिने काढले तर दोघांसमोर काढा, मोजा, कुणाकडे दिले ते लिहा.

लहान मुलांना "आजोबा झोपलेत", "गावाला गेलेत" असं सांगू नका. झोपलेत म्हटलं तर मूल रात्री झोपायला घाबरतं, गावाला गेलेत म्हटलं तर खिडकीत वाट बघत बसतं. "आजोबा वारले. त्यांचं शरीर आता काम करत नाही, त्यांना दुखत नाही, ते परत येणार नाहीत" असं सरळ, कुशीत घेऊन सांगा. तेच प्रश्न ते पुन्हा विचारतील. तेच उत्तर पुन्हा द्या.

टप्पा ७ : तेरा दिवस

भेटायला गेल्यावर "नक्की काय झालं?" हा प्रश्न विचारू नका. आलेल्या प्रत्येकाला बायकोने शेवटच्या रात्रीची गोष्ट पहिल्यापासून सांगायची, हा छळ आहे. ती आपणहून सांगत असेल तर कितीही वेळा ऐका, तो फरक लक्षात असू द्या. "अमुक रुग्णालयात न्यायला हवं होतं" हे तर मनातसुद्धा आणू नका.

बोलायला शब्द सुचत नसतील तर "फार वाईट झालं. मी आहे" एवढं पुरे. त्यापेक्षा चांगलं म्हणजे गेलेल्या माणसाची घरच्यांना माहीत नसलेली एखादी गोष्ट सांगणं : त्यांनी तुमच्या फीचे पैसे भरले होते, मंडईत भेटले की हमखास पेरू घेऊन द्यायचे. "सुटले बिचारे", "वय झालंच होतं", "तू अजून तरुण आहेस" ही वाक्यं आपल्याला सोपी पडतात, समोरच्याला बोचतात. ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजलीचं चित्र टाकलं म्हणजे भेट झाली असं नाही. आणि घरच्यांनी स्वतः कळवण्याआधी ते कधीही टाकू नका. परदेशातल्या मुलीला आई गेल्याचं सोसायटीच्या ग्रुपवरून कळता कामा नये.

जेवण पोहोचवण्याचं एकाच माणसाने बघावं, नाहीतर पहिल्या दिवशी चार घरांतून पिठलं-भात येतो आणि पाचव्या दिवशी कुठूनच काही येत नाही. कोण कधी काय आणणार याची यादी करा. पथ्यपाणी, सुतकाचे नियम घरच्यांना विचारून.

दहाव्याला घाटावर एक प्रसंग हमखास येतो. पिंड ठेवला, कावळा शिवत नाही. वेळ जातो. मागून कुजबुज सुरू होते : "काहीतरी इच्छा राहिली असणार." "धाकट्याशी बोलणं नव्हतं ना." मुलगा हात जोडून एकेक वचन देत सुटतो, पुढे कित्येक वर्षं ते मनात धरून बसतो. तिथे गप्प राहा आणि दुसऱ्यालाही गप्प करा. नदीकाठी माणसांचा गराडा असला की कावळे खाली उतरत नाहीत. सगळ्यांना लांब व्हायला सांगा. नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून विधी पुरा करण्याची रीत आहेच, गुरुजी तो करतात. मुलाला त्या दिवशीच सांगा की यात त्याची काही कसूर नाही.

आणि पतीच्या मृत्यूनंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढायला लावणं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये याविरुद्ध ठराव केला. पुण्यातल्या सुशिक्षित सोसायट्यांमध्ये मात्र "रीत म्हणून" हे अजून होताना दिसतं. तुम्ही तिथे असाल तर तिच्या शेजारी जाऊन बसा आणि सगळ्यांसमोर तिला विचारा, "तुला हे हवंय का?" ती "नको" म्हणाली की तिथेच थांबवा.

टप्पा ८ : तेराव्यानंतर

पाहुणे गेले, सतरंज्या परत गेल्या, मुलगा ऑफिसला जाऊ लागला. दुपारी घरात ती एकटी. इथून पुढचे सहा-आठ महिने तुमची गरज सर्वांत जास्त आहे. कॅलेंडर घ्या आणि आजच खुणा करा : महिन्याचा दिवस, त्यांचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिले गणपती, पहिली दिवाळी, वर्षश्राद्ध. त्या दिवशी फोन नव्हे, भेट. दुखवट्याच्या घरी दिवाळीचा फराळ करत नाहीत, तो इतरांनी द्यायचा असतो. डबा घेऊन जा आणि बसा.

"काही लागलं तर सांगा" म्हणू नका. कुणी सांगत नाही. "गुरुवारी अकराला येते, आपण बँकेत जाऊ" असं नेमकं सांगा. कागदांची कामं माणसाला फार एकटं पाडतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते, त्यानंतर विलंब शुल्क आणि परवानग्या लागतात. रुग्णालयातला मृत्यू असेल तर ते कळवतात, घरचा असेल तर जबाबदारी घरच्यांची. दाखल्यावरचं नाव आधारप्रमाणेच आहे ना, ते खिडकीवरच अक्षर न् अक्षर तपासा. एका वेलांटीवरून पुढे बँक अडते. प्रती भरपूर घ्या : बँक, विमा, निवृत्तिवेतन, गॅस, वीज, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळीकडे लागतात. कपडे, चष्मा, औषधांचा डबा यांना मात्र हात लावू नका. ती म्हणेल तेव्हा, ती म्हणेल तसं.

दुःखाला वेळापत्रक नसतं. तीन महिन्यांनी हसलेली बाई चौथ्या महिन्यात कोसळू शकते. पण काही खुणा दिसल्या तर डॉक्टरकडे न्यायलाच हवं : खाणंपिणं सुटणं, दारू वाढणं, दिवसेंदिवस अंथरुणातून न उठणं, "मलाही आता जायचंय" असं बोलणं. हे शेवटचं ऐकलं तर विषय बदलू नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. हो म्हटलं तर त्या रात्री एकटं सोडू नका आणि टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालतो. सहा महिन्यांहून जास्त काळ रोजचं जगणंच ठप्प असेल तर तो मानसोपचाराचा विषय आहे. तसं सांगायला संकोच नको.

अशा घरी सतत जात असाल तर तुम्हालाही कुणाशी तरी बोलायला माणूस हवा. एका वेळी एकाच घराचं मनावर घ्या.

आणि भेटायला जायचं राहूनच गेलं असेल, वर्ष उलटलं असेल, तर आता काय तोंड दाखवायचं म्हणून गप्प बसू नका. फोन करा. उशीर का झाला याची कारणं सांगत बसू नका. "काकांची आठवण आली. रविवारी पाचला येऊ का?" असं विचारा. ती ये म्हणाली की जा, आणि चहा ठेवू नकोस असं आधीच सांगा.